कोसळणारे सिंहासन आणि कुंचल्याचा हक्क

टीकेचा राग प्रत्येक राज्यकर्त्याला येतो. परंतु लेखापेक्षा चित्राचा राग त्याला अधिक येतो, आणि त्यातही स्वतःच्या पाडावाचे चित्र त्याला मुळीच सहन होत नाही. याचे कारण उघड आहे. लेख वाचावयास अक्षरओळख लागते, सवड लागते आणि विषयाची थोडी माहिती लागते. चित्राला यांपैकी काहीच लागत नाही. दिवसभर कारखान्यात राबून घरी परतलेला कामगार आणि कागदावर अंगठा उठविणारी आजी या दोघांनाही सिंहासनावरून घरंगळणारा सत्ताधीश एका दृष्टिक्षेपात कळतो. न्यूयॉर्क शहराच्या तिजोरीवर डल्ला मारणारा विल्यम ट्वीड हा पुढारी १८७१ साली थॉमस नास्ट या चित्रकाराने 'हार्पर्स वीकली' या साप्ताहिकात काढलेल्या व्यंगचित्रांनी जेरीस आला तो यामुळेच. त्याच्या मतदारांपैकी पुष्कळांना वाचता येत नव्हते, पण चित्र सर्वांनाच दिसत होते. पुढे हा गृहस्थ कैदेतून निसटून स्पेनमध्ये पळाला, तेव्हा १८७६ साली तो ओळखला गेला तो नास्टच्या चित्रावरूनच. आणि १८७८ साली तुरुंगातच त्याचा अंत झाला.

ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवण्यात आले, त्या समाजाला तरी चित्राचे हे सामर्थ्य निराळे समजावून सांगावे लागू नये. तरीही या विषयावर लिहिणे अगत्याचे वाटते, कारण नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या कुटुंबांत एक जुने भय अद्याप शिल्लक आहे.

विठ्ठलवाडी स्थानकाच्या आसपासच्या एका वस्तीत मंडळाचा एक फळा आहे. निवडणुकीच्या दिवसांत एका तरुणाने त्यावर खडूने एक चित्र काढले. माणसांच्या खांद्यांची एक उंच शिडी, तिच्या टोकावर हात जोडून उभा असलेला एक वजनदार पुढारी, आणि खालची माणसे एकेक करून निमूटपणे खाली बसत आहेत, असे ते चित्र होते. नाव कोणाचेच लिहिलेले नव्हते. परंतु ओळखणाऱ्यांनी ओळखले. सकाळ होण्यापूर्वी वस्तीतल्याच वडीलधाऱ्यांनी ओल्या फडक्याने ते पुसून टाकले. त्यांचे म्हणणे असे की, घर कायम होण्याचा अर्ज पडून आहे, नळाच्या जोडणीचा अर्ज पडून आहे, अशा वेळी पोरखेळ नको. तो तरुण माझ्याकडे आला तो चित्र पुसले गेल्याची तक्रार घेऊन नव्हे. त्याचा प्रश्न सरळ होता : "वकीलसाहेब, मी गुन्हा केला काय?"

या प्रश्नाचे उत्तर एका तरुणापुरते देऊन भागणार नाही. म्हणून ते येथे सविस्तर देत आहे.

एका पाडावाची कथा

आपल्या देशात सर्वशक्तिमान वाटणाऱ्या सत्तेच्या पाडावाचे सर्वांत मोठे उदाहरण १९७७ सालचे आहे. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत ३५२ जागा जिंकून श्रीमती इंदिरा गांधी निर्विवाद सत्तेवर आल्या होत्या. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी त्यांची रायबरेलीची निवडणूक रद्द ठरविली, आणि २५ जूनच्या रात्री देशात आणीबाणी जाहीर झाली. लागलीच वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादण्यात आली. कोणता मजकूर छापावयाचा, कोणता नाही, हे संपादकाऐवजी सरकारी अधिकारी ठरवू लागला. ऑगस्ट १९७५ मध्ये 'शंकर्स वीकली' हे व्यंगचित्रांना वाहिलेले नामांकित साप्ताहिक बंद झाले.

अशा काळात १० डिसेंबर १९७५ रोजी 'इंडियन एक्सप्रेस' या दैनिकात अबू अब्राहम यांचे एक चित्र प्रसिद्ध झाले. राष्ट्रपती स्नानाच्या टबात बसलेले आहेत, दार अर्धवट उघडून हात पुढे आलेला आहे, आणि राष्ट्रपती सही केलेला वटहुकूम त्या हाती देत, आणखी काही वटहुकूम असतील तर त्यांना जरा थांबावयास सांगा, असे म्हणत आहेत. त्या चित्रात ना शिवी होती, ना कोणाच्या घराण्याचा उद्धार होता. एवढेच दाखविले होते की, या देशाच्या सर्वोच्च पदाची सही आता अंघोळ उरकण्याइतकीही वाट पाहू शकत नाही. आणीबाणीवर नंतर पुष्कळ ग्रंथ लिहिले गेले. परंतु त्या राजवटीचे स्वरूप सामान्य माणसाच्या ध्यानात राहिले ते या एका चित्रामुळे. अबू अब्राहम हे त्या वेळी राज्यसभेचे नियुक्त सभासद होते, हेही लक्षात घ्यावे. पद स्वीकारले म्हणून त्यांनी कुंचला गहाण टाकला नाही. त्यांची त्या काळातील चित्रे १९७७ साली 'द गेम्स ऑफ इमर्जन्सी' या पुस्तकात लोकांसमोर आली.

याच काळात मुंबई उच्च न्यायालयाने एक निर्णय दिला, त्याचा महाराष्ट्राला अभिमान वाटावयास हवा. मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' या नियतकालिकातील मजकूर तपासनिसाने अडवून धरला होता. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यायमूर्ती मादन व न्यायमूर्ती कानिया यांच्या खंडपीठाने मसानींच्या बाजूने निकाल दिला. सर्व वृत्तपत्रांना एकाच सुरात बोलावयास लावणे, एकाच रांगेत चालविणे, हे तपासनिसाचे काम नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. अनेक मोठी माणसे गप्प बसली असता न्यायासनावरील दोन माणसे बोलली, ही गोष्ट लहान नाही.

मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली. ज्यांच्या नावाचा दरारा खेड्यापाड्यांत पोचला होता त्या पंतप्रधान स्वतःच्या रायबरेली मतदारसंघात राजनारायण यांच्याकडून ५५,२०२ मतांनी पराभूत झाल्या. त्यांचा पक्ष १५४ जागांवर आला आणि २१ मार्च रोजी आणीबाणी उठली. हा पाडाव कोणा सेनापतीने घडविला नाही, कोणा संस्थानिकाने घडविला नाही; मतपेटीपुढे रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांनी तो घडविला. आणि त्याच माणसांनी जानेवारी १९८० मध्ये त्याच बाईंना ३५३ जागा देऊन पुन्हा सत्तेवर बसविले. मला येथे इंदिराजींच्या कारकिर्दीचा निवाडा करावयाचा नाही. दाखवावयाचे आहे ते एवढेच की, लोकशाहीत पडणे आणि चढणे हा लोकांच्या हातचा व्यवहार आहे, आणि व्यंगचित्रकार जेव्हा सत्ताधीशाचा पाडाव काढतो तेव्हा तो हा व्यवहार लोकांच्या डोळ्यांसमोर मांडतो. तो भविष्य सांगत नाही, शापही देत नाही. "हे आसन तुमचे नाही, तुम्हाला दिलेले आहे," एवढेच तो म्हणतो.

राजाचे नासपती

परदेशातील एक खटला आपल्या कायदेमंडळींनी अवश्य ध्यानात ठेवावा. फ्रान्सचा राजा लुई फिलिप याचा चेहरा नासपतीच्या आकाराचा होता, आणि फ्रेंच बोलीत नासपती म्हणजे भोळसट असाही अर्थ होतो. शार्ल फिलिपों या संपादकावर राजाची अप्रतिष्ठा केल्याबद्दल नोव्हेंबर १८३१ मध्ये खटला भरला गेला. त्याने न्यायालयात कागद घेऊन चार चित्रे काढली. पहिले राजाचे हुबेहूब, दुसरे थोडे बदललेले, तिसरे आणखी बदललेले, आणि चौथे निव्वळ नासपती. मग त्याने विचारले : यांतले कोणते चित्र गुन्हा आहे? पहिले गुन्हा असेल तर त्याच्यासारखे दिसणारे दुसरे गुन्हा, दुसऱ्यासारखे तिसरे गुन्हा; आणि मग झाडावरचे फळही गुन्हेगार ठरवावे लागेल!

न्यायालयाने त्याला सहा महिने कैद आणि दोन हजार फ्रँक दंड ठोठावला. त्याच्याच साप्ताहिकाचा चित्रकार ओनोरे दोमिए याने राजा हा प्रजेची संपत्ती गिळणारा राक्षस आहे असे चित्र काढले, त्यालाही १८३२ साली सहा महिन्यांची कैद झाली. १८३५ साली तर चित्रांवर पूर्वपरवानगीचा कायदाच आला. परंतु परिणाम काय झाला? नासपतीचे चित्र पॅरिसच्या भिंतीभिंतींवर पोरेसोरे काढू लागली. १८४८ च्या फेब्रुवारीत राजाला राज्य सोडून वेष पालटून इंग्लंडला पळावे लागले. त्याचे राज्य चित्रांनी घालविले असे मी म्हणणार नाही. राज्य गेले ते दुष्काळ, बेकारी आणि मताधिकाराचा नकार यांमुळे. पण ज्या शिक्षांनी राज्य वाचेल असे त्याला वाटले होते, त्या शिक्षा कुचकामी ठरल्या, हे निर्विवाद आहे.

कायदा काय म्हणतो?

आता आपल्या देशाच्या कायद्याकडे वळू. इंग्रज सरकारने दंडसंहितेत कलम १२४ अ घातले आणि सरकारविषयी अप्रीती निर्माण करणे हा गुन्हा ठरविला. १८९७ साली लोकमान्य टिळकांवरील खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ ज्यूरीला सांगितला. म्हणजे प्रजेने सरकारवर प्रेम केलेच पाहिजे, न केल्यास तुरुंग! १९०८ साली याच कलमाखाली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला जावे लागले. टिळकांच्या सामाजिक मतांशी आपले जन्माचे वैर असू शकते. परंतु ज्या कलमाने त्यांना डांबले ते कलम न्याय्य होते असे आपण म्हणू शकत नाही. हक्काचा विचार करताना माणूस आपला की परका हे पाहावयाचे नसते.

स्वतंत्र भारताच्या घटनेने कलम १९ (१) (अ) अन्वये प्रत्येक नागरिकाला भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले, आणि त्यावर कोणती वाजवी बंधने घालता येतील त्यांची यादी कलम १९ (२) मध्ये दिली. त्या यादीत राज्याची सुरक्षितता आहे, सार्वजनिक सुव्यवस्था आहे, बदनामी आहे. परंतु 'मंत्र्याचा मान' अथवा 'पुढाऱ्याची नाराजी' हे शब्द तिच्यात कोठेही नाहीत. १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२४ अ कलम रद्द केले नाही; मात्र हिंसेला अथवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी असल्याखेरीज ते लागू होणार नाही, असे स्पष्ट केले.

तरीही २०१२ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला याच कलमाखाली अटक झाली. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ अखेरीस भरलेल्या भ्रष्टाचारविरोधी सभेच्या प्रसंगी त्याची चित्रे लोकांसमोर आली होती. संसद आणि राष्ट्रीय चिन्ह यांचे विडंबन त्यांत होते. त्यातील काही चित्रे मलाही रुचली नाहीत. पण न रुचणे आणि राजद्रोह यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला जामिनावर सोडले, राज्य सरकारने राजद्रोहाचा आरोप सोडून दिला, आणि १७ मार्च २०१५ रोजी उच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला. त्या चित्रांत विनोद अथवा मार्मिकता फारशी दिसत नाही, असे न्यायमूर्तींनी बजावून सांगितले. परंतु चित्र चांगले नाही म्हणून नागरिकाचे स्वातंत्र्य हिरावता येत नाही, आणि हिंसेची चिथावणी नसेल तर राजद्रोह होत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. माझ्या मते या निकालाचे खरे मोल येथे आहे. उत्तम चित्राचे रक्षण कोणीही करील. सुमार चित्राचेही रक्षण करतो तोच खरा कायदा.

या निकालानंतर राज्याच्या गृहखात्याने ऑगस्ट २०१५ मध्ये पोलिसांसाठी परिपत्रक काढले. त्यात राजकारणी व लोकसेवक यांच्यावरील टीकाही राजद्रोहात मोडू शकेल अशी शब्दरचना आली. गदारोळ झाला, आणि त्याच वर्षी सरकारला ते परिपत्रक मागे घ्यावे लागले. निकाल स्वातंत्र्याचा आणि परिपत्रक बंधनाचे, असा हा प्रकार! न्यायालयात मिळविलेला हक्क पोलिस ठाण्याच्या पायरीवर कसा हरवतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातील पालघरची घटनाही विसरण्याजोगी नाही. बाळासाहेब ठाकरे हे स्वतः व्यंगचित्रकार. १९६० साली त्यांनी 'मार्मिक' हे साप्ताहिक काढले आणि सत्तेवरील मोठमोठ्यांना कुंचल्याने फटकारले. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्यांच्या निधनानंतर झालेल्या बंदविषयी फेसबुकवर प्रश्न विचारणाऱ्या एका तरुणीला, आणि त्या मजकुराला पसंती देणाऱ्या तिच्या मैत्रिणीला, पोलिसांनी अटक केली. पुढे तो खटला टिकला नाही, आणि ज्या ६६ अ कलमाचा आधार घेतला गेला ते कलम २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले. ज्या माणसाचे आयुष्य कुंचल्याच्या स्वातंत्र्यावर उभे राहिले, त्याच्याच नावाने दोन मुलींच्या साध्या प्रश्नाला बेडी पडावी, यापेक्षा मोठा विरोधाभास कोणता?

११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२४ अ कलमाचा अंमल स्थगित केला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात राजद्रोह हा शब्द नाही; परंतु कलम १५२ मध्ये देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात, सरकारच्या धोरणांवर सनदशीर मार्गाने बदल घडविण्यासाठी केलेली टीका गुन्हा नव्हे, असेही म्हटले आहे. हे स्पष्टीकरण प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावे. २८ मार्च २०२५ रोजी इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले की, शब्दांचा परिणाम खंबीर आणि धीट मनाच्या माणसावर काय होईल ते पाहावयाचे, प्रत्येक टीकेत धोका शोधणाऱ्या दुबळ्या मनाच्या माणसावर नव्हे. ही कसोटी मूळची नागपूर उच्च न्यायालयाच्या एका जुन्या निकालातील आहे.

तेव्हा विठ्ठलवाडीच्या त्या तरुणाला माझे उत्तर असे की, त्याने कोणताही गुन्हा केलेला नाही. फळा मंडळाचा होता. दुसऱ्याच्या भिंतीवर विनापरवाना रंगविले असते तर १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याचा प्रश्न आला असता. चित्रात उमेदवाराच्या खासगी चारित्र्याविषयी खोटे विधान नव्हते. असते तर निवडणूक कायदा आड आला असता. चित्र पत्रक म्हणून छापले असते तर त्यावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे घालणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ अ प्रमाणे आवश्यक होते. आणि पुढाऱ्याला अब्रूनुकसानी झाली असे वाटलेच, तर तो गुन्हा अदखलपात्र व जामीनपात्र आहे. पोलिसांना परस्पर उचलून नेता येत नाही, ज्याची अब्रू गेली त्याने दंडाधिकाऱ्यापुढे फिर्याद करावयाची असते. तेथेही लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनावर सद्भावनेने व्यक्त केलेले मत अपवादात मोडते. पुढाऱ्याच्या पायांखालची शिडी माणसांची आहे, हे सांगणे तर मतही नव्हे. ती वस्तुस्थिती आहे.

आपल्या दुःखाचा प्रश्न

येथे कोणी मला विचारील : "वकीलसाहेब, हे सर्व ठीक; परंतु बाबासाहेबांचे व्यंगचित्र काढले तेव्हा आपण का चिडलो?" हा प्रश्न टाळणे म्हणजे वाचकांशी अप्रामाणिकपणा होईल.

२८ ऑगस्ट १९४९ रोजी शंकर यांचे एक चित्र त्यांच्या साप्ताहिकात आले. घटना ही गोगलगाय, तिच्यावर हाती चाबूक घेतलेले बाबासाहेब, आणि मागे चाबूक उगारलेले पंडित नेहरू. हे चित्र पुढे अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घेण्यात आले. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत प्रक्षोभ झाला, पाठ्यपुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि पुण्यात पळशीकरांच्या विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली.

आपल्या लोकांचे दुःख खोटे नव्हते. ज्या समाजाच्या पाठीवर पिढ्यान्‌पिढ्या चाबूक पडला, त्या समाजाच्या मुक्तिदात्याच्या मागे उगारलेला चाबूक इतरांना विनोद वाटेल, आपल्याला तो विनोद वाटणार नाही. व्यंगचित्राचा एक साधा न्याय आहे : जो उंचावर आहे त्यालाच पडता येते. सिंहासनावरील माणसाला खाली पडलेला दाखविणे ही टीका होय. परंतु ज्याला समाजाने आधीच जमिनीवर लोळविले आहे त्याचे चित्र काढून हसणे म्हणजे त्याला आणखी एक लाथ मारणे होय. हा भेद कायद्यालाही मान्य आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अनुसूचित जातीच्या व्यक्तीचा जाहीर ठिकाणी हेतुपुरस्सर अवमान करणे हा गुन्हा आहे, आणि या समाजाला पूज्य असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अनादर करणे हाही त्या कायद्याच्या कलम ३ (१) (व्ही) खाली गुन्हा आहे. नवदीक्षितांनी हे संरक्षण गमावलेले नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना ते लागू आहे. अपमान हाच ज्याचा हेतू आहे अशा चित्रासाठी या कायद्याचा अवश्य उपयोग करावा.

परंतु मोडतोडीचे समर्थन मी करणार नाही. त्या दिवसानंतर चर्चा कशाची झाली? बाबासाहेबांना त्या काळच्या वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षे कसे रेखाटले, हा खरा प्रश्न होता. तो बाजूला पडून मोडक्या खुर्च्यांची चर्चा झाली. खरा प्रश्न पुन्हा मांडण्याचे काम उन्नमती श्याम सुंदर या व्यंगचित्रकार अभ्यासकाने केले. १९३२ ते १९४८ या काळातील बाबासाहेबांवरील शंभराहून अधिक व्यंगचित्रे शोधून त्यांनी २०१९ साली ग्रंथरूपाने, टीकेसह, प्रसिद्ध केली. ज्या चित्रांनी आपल्याला हिणविले तीच चित्रे पुरावा म्हणून न्यायासनापुढे मांडण्याचा हा मार्ग आहे.

आणि स्वतः बाबासाहेबांनी काय केले? घटना गोगलगायीच्या गतीने चालली आहे हा आक्षेप त्या वेळी केवळ चित्रात नव्हता, घटना परिषदेतही होता. एका सभासदाने तर मसुदा समितीच्या नावावर कोटी करून तिला दिशाहीन वाहत जाणारी समिती म्हटले होते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी त्या कोटीचा समाचार विनोदानेच घेतला, आणि आक्षेपाचा समाचार आकड्यांनी घेतला. समितीच्या कामाचे दिवस १४१, आलेल्या दुरुस्त्या सुमारे ७,६३५, प्रत्यक्ष मांडलेल्या २,४७३, हा हिशेब त्यांनी सभागृहापुढे ठेवला. इतर देशांच्या घटनांना किती काळ लागला, त्यांत कलमे किती होती, तेही सांगितले. टीकेला उत्तर कसे द्यावे याचा याहून चांगला वस्तुपाठ आपल्याला कोठे मिळणार?

त्याच भाषणात त्यांनी राजकारणातील भक्तीविषयी इशारा दिला होता. धर्मात भक्ती मोक्षाला नेईल की नाही हा वेगळा वाद. राजकारणात ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा आशय होता. हा इशारा इतर समाजांसाठी होता आणि आपण त्यातून सुटलो, असे समजण्याचे कारण नाही. आपलेही पुढारी आहेत, त्यांचीही आसने आहेत, त्यांनीही समाजाच्या खांद्यांची शिडी करून त्या शिडीला पाठ दाखविल्याची उदाहरणे आहेत. आपल्या तरुणाने दुसऱ्यांच्या पुढाऱ्याचे चित्र काढले तर टाळी आणि आपल्या पुढाऱ्याचे काढले तर थप्पड, हा न्याय नव्हे. ज्याला आपण मत देतो त्याचा पाडाव रेखाटण्याचा अधिकार आपण राखून ठेवलाच पाहिजे. नाही तर ते मत देणे उरत नाही, नवस बोलणे होते.

म्हणून माझी नवदीक्षित कुटुंबांना विनंती आहे. मुलाच्या हातात कुंचला दिसला तर तो काढून घेऊ नका. त्याला तीन गोष्टी विचारावयास शिकवा. चित्रातला माणूस खरोखर सत्तेवर आहे काय? टीका त्याच्या कृत्यावर आहे की त्याच्या जातीवर, शरीरावर, घरातल्या स्त्रियांवर? आणि दाखविलेली गोष्ट खरी आहे काय? पहिल्याचे उत्तर होय, दुसऱ्याचे 'कृत्यावर' आणि तिसऱ्याचे होय असेल, तर त्याला चित्राखाली स्वतःचे नाव घालावयास सांगा. पोलिसांनी चौकशीला बोलाविले तर एकट्याला पाठवू नका; मंडळातील चार माणसे आणि एक वकील सोबत जा, लेखी नोटीस मागा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटकेऐवजी नोटिशीने बोलावणे हीच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची सर्वसाधारण रीत आहे.

घराचा अर्ज आणि नळाची जोडणी यांची काळजी खरी आहे. ती क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही. परंतु नळ हा हक्काने मिळावयाचा की पुढाऱ्याच्या मर्जीने, याचा निकाल ज्या दिवशी लागेल त्याच दिवशी आपली वस्ती खऱ्या अर्थाने नागरिकांची वस्ती होईल. मर्जीने मिळालेला नळ मर्जीने तुटतोही. आपण जुन्या देवांना घरातून निरोप दिला, तो त्यांच्या रिकाम्या कोनाड्यात पुढाऱ्यांच्या तसबिरी बसविण्यासाठी नव्हे. ज्याचे आसन आपल्या मतावर उभे आहे त्याला पडलेला पाहण्याची आणि दाखविण्याची हिंमत ज्या समाजात असते, त्या समाजावर कोणालाही फार काळ दंडेली करता येत नाही.

जय भीम.